सकुबाई नावं ठेवत नाहीत

आमच्या वैशाखरे गावात मुलगी बघायला आलेली माणसं नावं ठेवायला लागली की समजायचं, जमलं. पोहे तिखट, रस्ता खराब, पंखा खडखडतो. ज्यांना सोयरीक करायची असते तेच हक्काने एवढं काढतात. सगळं छान म्हणणारे चहा पिऊन जातात, ते जातातच.

म्हणून त्या रविवारी कुंडलिकदादांचा चेहरा उतरत चालला होता. त्यांच्या वैष्णवीला बघायला शहापूरकडून आदेश आणि त्याची आई सकुबाई आले होते. वैष्णवी मुरबाडला इंग्रजीच्या शिकवण्या घेते. आदेश बँकेच्या परीक्षेसाठी तिच्याकडे यायचा. परीक्षा झाली तरी येत राहिला, तेव्हा घरच्यांना उमगलं. दोघं एका पायावर तयार. अडलं होतं सकुबाईंच्या होकारावर.

आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यातही साखर कमी आहे म्हणणाऱ्या या सकुबाई आज नुसत्या मधाळल्या होत्या.

"पोहे छान. घर छान. म्हस पण छान हाय तुमची."

त्या म्हशीचं एक शिंग मोडकं आहे, हे मी शेजारी म्हणून सांगतो.

"पोहे जरा कोरडे झालेत ना, बाई?" दादांनी आशेने विचारलं.

"नाय हो! एकदम मऊ," म्हणत सकुबाईंनी घास पाण्याबरोबर ढकलला.

आदेश हात धुवायला मोरीकडे गेला, तशी वैष्णवी तांब्या घेऊन मागोमाग. मी ओटीवर बसलो होतो त्या खिडकीला लागूनच मोरी, त्यामुळे मला ऐकावंच लागलं.

"तुझ्या आईला मी पसंत नाय."

"कोण म्हणतं? मीच जीपमधी बजावलंय तिला. तू शिकवलेलास ना शब्द, डिस्पॅरेज? कमी लेखणं. म्हटलं आई, शिकलेल्या पोरीचं घर हाय, तिथं कशालाच डिस्पॅरेज करायचं नाय."

"अरे शहाण्या, वाक्यात उपयोग करायला तुला माझंच घर सापडलं? डिस्पॅरेज म्हणजे समोरच्याची किंमत उतरवायला बोलणं. तुझी आई पोह्यांना नावं ठेवते ती पुढच्या वेळी बरे व्हावेत म्हणून. पुढची वेळ नको असते ती माणसं गोड बोलतात. बाबांचं तोंड बघितलंस?"

"मला काय ठाऊक? माझं पयलंच बघणं हाय."

"मग शेवटचं करायचं असंल तर जा, तिला मोकळं कर."

आदेश ओल्या हातानेच ओटीवर आला. "आई, बोल."

"काय बोलू?"

"खरं काय ते बोल. तो शब्द मागं घेतला मी."

"सुटले रे बाबा! पोट दुखाया लागलं माझं." सकुबाई सरसावून बसल्या. "भाऊ, राग मानू नका. पोहे नुसते खडे. चहात आलं नाय. म्हशीला एकच शिंग. आणि पोरगी..."

दादा पुढे सरकून बसले.

"पोरगी भारी हडकुळी. आमच्याकडं आली की आधी खायाला घालाया लागंल."

कुंडलिकदादांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आणखी काय, विहीणबाई?"

"आणखी? या अंगणात हळदीचा मांडव मावायचा नाय. तो गोठा हलवा."

"हलवतो की," म्हणत दादा उठले, आणि सकुबाईंचा चहा संपायच्या आत म्हशीचं दावं सोडून मोकळे झाले.