ग्रहण सुटलं, मी नाही

मित्रांनो, मी एक जुना नांगर आहे. जुना म्हटलं की मला राग येत नाही. निकामी म्हटलं की येतो, आणि तो मी गिळत नाही.

मी शेतातला नव्हे, होडीचा नांगर. वसईच्या एका लोहाराने मला तापवून, ठोकून चार वाकडे हात दिले आणि कॅस्मिरच्या वडिलांच्या मासेमारीच्या होडीवर धाडलं. पुढे कॅस्मिर नोकरीसाठी आखातात, फुजैऱ्याला निघाला. सामान जास्त भरलं, तेव्हा त्याने बायकोने, ग्रेसीने, बांधून दिलेल्या लोणच्याच्या बरण्या बाहेर काढल्या आणि मला आत ठेवलं. ग्रेसी त्याच्यावर चांगलीच रुसली होती. मी मात्र मनातून सुखावलो, खोटं कशाला सांगू!

त्यांचा मुलगा लेस्टर फुजैऱ्यातच वाढला. मोठा झाल्यावर त्याने एक जुनी शिडाची होडी घेतली आणि मी पुन्हा कामाला लागलो. वाऱ्यात, भरती-ओहोटीत मी ती होडी धरून ठेवली. लेस्टर मित्रांना कौतुकाने सांगायचा, "डॅडींचा नांगर आहे, एकदम सॉलिड."

पण कौतुक किती दिवस टिकतं? एके दिवशी चकचकीत स्टीलचा नवा नांगर आला. मला ओल्या दोरांखाली ढकललं. माझ्या अंगावर गंज चढला. कोणाचा हात लागलाच, तर तो लगेच हात पुसून टाकायचा.

मग ती ग्रहणाची संध्याकाळ आली. लेस्टरच्या ऑफिसातली हेमा आणि तिची मुलगी अस्मी चंद्रग्रहण पाहायला आल्या होत्या. आमची होडी किनाऱ्याजवळच्या दोन खडकाळ बेटांच्या मध्ये थांबली. सोबत आलेला कॅस्मिर हट्टाला पेटला, "आज माझा नांगर टाक."

"ओके डॅडी, पण लास्ट टाइम," लेस्टर म्हणाला. "हा सुटला तर खलास. उद्या डायरेक्ट स्क्रॅप."

"नाही सुटायचा."

अस्मीने मला पाहिलं. तिच्या मराठीच्या पुस्तकात शेतातल्या नांगराचं चित्र होतं. तिने विचारलं, "बट व्हेअर आर द बुल्स, अंकल?" सगळे हसले. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात मला पाण्यात सोडलं.

ग्रहण मी पाहिलंच नाही. मी तळाशी खडकाच्या भेगेत हात रोवून बसलो होतो. वर काय झालं, ते नंतर त्यांच्याच बोलण्यातून कळलं. चंद्र तांबडा झाला आणि एवढा काळोख पडला की बेटंही दिसेनात. लेस्टर खाली केबिनमध्ये खाणं गरम करत होता. बऱ्याच वेळाने चंद्राची पांढरी कड उजळली आणि हेमा आनंदाने ओरडली, "सुटलं! सुटलं!"

ग्रहण सुटलं, असं तिला म्हणायचं होतं. पण लेस्टरचं मराठी परदेशात वाढलेलं. 'सुटला' काय नि 'सुटलं' काय, त्याला सगळं सारखंच. नांगर सुटला असं समजून तो धावत वर आला आणि त्याने इंजिन सुरू केलं. घाईत गिअर उलटा पडला. होडी मागच्या खडकांकडे जोरात ओढली जाऊ लागली.

मित्रांनो, माझा दोर कडकडून ताणला गेला. माझ्या दोन हातांना असा पीळ बसला की आता तुटतो असं वाटलं. सोडून दिलं असतं, तर दुखणं तिथेच थांबलं असतं. पण वर ती लहान पोर होती. आणि खरं सांगायचं, तर मला स्क्रॅप म्हणणाऱ्याला दाखवूनही द्यायचं होतं! मी खडकाला चिकटलो. म्हटलं, ओढ, किती ओढतोस ते बघतो.

"अरे बंद कर!" कॅस्मिर ओरडला. "ग्रहण सुटलं रे, नांगर नाही!"

इंजिन थांबलं. लेस्टरने टॉर्च मारला. काळा खडक होडीच्या अगदी पाठीशी होता. हेमाने अस्मीला घट्ट जवळ घेतलं.

उजाडल्यावर त्यांनी मला वर घेतलं, तेव्हा माझे दोन हात जवळजवळ सरळ झाले होते. लेस्टर त्यांच्यावरून बोटं फिरवत राहिला. "डॅडी, ह्याचे हात तर सरळ झालेत."

"होतीलच. अख्खं इंजिन लावलंस तू. पण सुटला का?"

"नाही." मग लेस्टर हळूच म्हणाला, "स्क्रॅप नको. दुबईत अल कुसैसला मोईनभाईचं वर्कशॉप आहे, तिथे नेऊ. तो रिपेअर करेल, इन्शाल्ला."

आता मी मोईनच्या वर्कशॉपमध्ये माझ्या पाळीची वाट बघतो आहे. तुमच्याही घरात कोपऱ्यात ढकललेलं काही असेल. कदाचित कोणी माणूसही असेल. त्याच्यावर दया करू नका, दया मलाही नको आहे. त्याला वेळेवर तेलपाणी करा, गंज चढू देऊ नका. आणि निकामी म्हणण्याआधी त्याला एकदा ओढून पाहा. सुटला, तर खुशाल टाकून द्या.