ओळंब्याला लावलेलं बोट

मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांच्या भिंती सरळ उभ्या केल्या. वाकडी निघाली ती एकच, आणि तीही स्वतःच्या घरातली, लेकीच्या खोलीची. त्या भिंतीतल्या कपाटाचं दार लावलं की आपोआप उघडायचं. ते बंद राहावं म्हणून लेक फटीत कागदाची घडी खुपसून ठेवायची. ती नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली त्याला बरीच वर्षं झाली. घडी कधीच गळून पडली होती.

ही भिंत मिस्त्रींनी लग्न नवं असताना बांधली, घाईघाईत. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं लोखंडी वजन. भिंत सरळ आहे का ते तोच सांगतो. तो वाऱ्याने हलत होता आणि यांना धीर नव्हता, म्हणून यांनी त्याला बोट लावून धरलं. मग काय, बोट जिथे तिथे ओळंबा! सासरे हेच त्यांचे उस्ताद. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, बांधलेलं असतं तेच मोकळं, आणि मोकळं असतं तेच खरं." एवढं बोलून ते जेवायला बसले. अर्थ विचारायची जावयाची काय बिशाद!

सासरे गेले, वाक्य मागे राहिलं. आधी मिस्त्रींना वाटलं, मुकाट संसार कर असं सुचवताहेत. सासरा दुसरं काय सांगणार म्हणा. पुढे वाटलं, कामाला बांधलेला माणूस कुणाचा मिंधा नसतो. लेक गेल्यावर मात्र त्यांना त्या वाक्याचा रागच यायला लागला. मोकळं करायचं तर दोरी कापायला नको? त्यांनी आपल्या परीने ती कापलीही. दर रविवारी लेक फोनवर विचारायची, "बाबा, करमतं का?" आणि हे म्हणायचे, "झकास! तू आमची काळजी सोड." फोन ठेवला की तिच्या खोलीत जाऊन उगाचच बिजागरीला तेल घालायचे. तिच्या आठवणीने जीव तुटायचा, पण तोंडातून चकार शब्द नाही.

त्या रविवारी लेक म्हणाली, "बाबा, मला इथे कायम करताहेत. नाहीतर तुमच्या इथल्या कचेरीत बदली मिळेल. उद्या सांगायचंय. खरं सांगा, मी यावं असं वाटतं तुम्हाला?"

मिस्त्री घाईने म्हणाले, "छे गं! आमचं काय अडलंय? तिथेच राहा."

"बरं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बायको शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती. "लावलंत बोट?" तिने मान वर न करताच विचारलं.

"कसलं बोट?"

"भिंतीच्या वेळी लावलं होतं तेच."

मिस्त्री तणतणत लेकीच्या खोलीत गेले. हत्यारांच्या पिशवीतला ओळंबा काढून त्यांनी तो भिंतीवरच्या खिळ्याला बांधला आणि सोडून दिला. तो डोलायला लागला. दोरी कापली असती तर तो जमिनीवर पडून राहिला असता, त्याने काय दाखवलं असतं? वरून बांधलेला होता, म्हणूनच खाली मोकळा होता. आणि आपण आत्ता 'छे गं' म्हणालो ते काय होतं? बोटच की. पोरीने कुठे थांबायचं ते आपणच धरून ठेवलं होतं.

त्यांनी फोन लावला. "मघाशी खोटं बोललो. तू यावंस असं वाटतं. रोज वाटतं. तुझ्या खोलीत येऊन बसतो मी. तू यायलाच हवं म्हणून नाही सांगत, खरं आहे म्हणून सांगतो. आता तू ठरव."

'मग?' हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला.

"मला वाटायचं, माझ्यावाचून तुमचं काहीच अडत नाही," ती म्हणाली. "म्हणून यायचंही टाळायचे. बाबा, मी इथेच राहीन. काम आवडतं मला. पण सुट्टी मिळाली की घरी येईन."

मिस्त्रींचे डोळे वाहायला लागले. नको होतं तेच उत्तर आलं होतं, पण ते तिचं स्वतःचं होतं.

"बाबा, ते दार अजून उघडतं?"

"उघडतं गं."

"दुरुस्त नका करू," ती म्हणाली. "मी आले की घडी लावीन."