चॉपची चटई

विल्फ ड्रेपरला कुत्र्यांतलं सगळं कळत होतं. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेल्या माणसाला कळायचंच. त्याचा कुत्रा चॉप दारात आलेल्या प्रत्येकाच्या छातीवर पुढचे पाय ठेवून स्वागत करायचा, एवढीच काय ती किरकोळ उणीव.

पण विल्फच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि कुरणावरचं घर सोडून गावातल्या वृद्धांच्या वसाहतीत जायची वेळ आली. तिथल्या व्यवस्थापक बाईंची अट साधी होती. पाहुणा आल्यावर कुत्रा चटईवर गप पडून राहिला, तर दोघांना जागा; नाहीतर एकट्या विल्फला. चॉपला सोडून जायचं? त्यापेक्षा गुडघे सोडून जाणं परवडलं असतं.

म्हणून तो नाक मुरडत, कुत्र्यांना वळण लावायला शिकवणाऱ्या श्वानमंडळात आला. तिथं शिकवणाऱ्या नोला बाई पूर्वी पहिलीच्या पोरांना शिकवायच्या. त्यांनी त्याला टिकटिक वाजणारी एक छोटी डबी आणि चीजचे तुकडे दिले.

"ओढायचं नाही, ओरडायचं नाही. त्यानं चटईकडे पाहिलं की वाजवा आणि तुकडा द्या. ते जमलं की मग पाय ठेवल्यावर वाजवा. मग बसल्यावर."

"म्हणजे कुत्र्याची बालवाडी! आमच्या वेळी एक शिट्टी पुरायची."

"हो का? मग आज इकडे कसं येणं केलंत?"

विल्फनं डबी घरी नेली. पुढच्या शनिवारी मंडळात चॉपनं ऐटीत चटईवर पाय ठेवला, लगेच खाली उतरला आणि मालकाच्या तोंडाकडे टक लावून उभा राहिला. कारण विल्फची डबी नेमकी तेव्हाच वाजायची.

"मठ्ठ आहे," विल्फ म्हणाला.

"तुमच्या दोघांतला एक आहे खरा," बाई म्हणाल्या. "चला, आता कुत्रा तुम्ही."

हा मंडळाचा जुना खेळ. विल्फला बाहेर पाठवून सगळ्यांनी ठरवलं, की त्यानं चहाच्या किटलीला हात लावायचा. डबी बाईंच्या हातात. विल्फ किटलीकडे दोन पावलं गेला, थांबला, डोकं खाजवलं, आणि मग डबी वाजली. त्यानं पुन्हा डोकं खाजवलं. मग दोन्ही हातांनी खाजवलं. लोक हसून लोळायचे बाकी राहिले.

"काय पाहिजे ते तोंडानं सांगा ना!"

"चॉपही तेच म्हणत असेल," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारखीच उशिरा वाजवली मी. आता वेळेवर वाजवते."

आता प्रत्येक पावलाला टिक. बघता बघता विल्फचा हात किटलीवर पडला आणि तोंडात लॅमिंग्टन केकचा तुकडा आला. आपल्याला चक्क आनंद झालाय, हे लक्षात येऊन तो फार चिडला.

त्यानंतर मात्र घरी सराव करताना त्यानं चॉपच्या तोंडाऐवजी पायांवर नजर ठेवली.

वसाहतीच्या व्यवस्थापक बाई चॉपची परीक्षा घ्यायला कुरणावरच्या घरी आल्या, तेव्हा चॉप उसळी मारून दारापर्यंत गेला. विल्फच्या जिभेवर अर्धा डझन शिव्या आल्या. त्या त्यानं गिळल्या. चॉपनं बाईंकडे पाहिलं, मग चटईकडे. टिक. एक पाय ठेवून तो मागे वळला. विल्फ डबी घट्ट धरून उभा राहिला, पण वाजवली नाही. अखेर चॉपनं मोठा उसासा टाकला आणि चटईवर अंग टाकलं. टिक!

"छान! या दोघंही राहायला," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही एवढे गप्प? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," विल्फ पुटपुटला. "तुम्ही जरा हलू नका. तो अजून शिकतोय."