डावीकडे सरकलेलं चाक

अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंतीवर माणसं, पायऱ्यांवर माणसं, शेजारच्या गच्चीवरसुद्धा माणसं, आणि सगळ्यांचे डोळे एका सायकलच्या मागच्या चाकावर. डोंगरवाटेवर चालवायची, जाड टायरांची सायकल होती ती. अठरा दिवसांपूर्वी या घरचा मुलगा तिच्यावरून उताराला लागला आणि तिसऱ्या वळणावर दरीत गेला. सायकल वर काढल्यापासून तिचं मागचं चाक फ्रेमच्या मधोमध राहत नव्हतं. डाव्या दांडीला जाऊन चिकटत होतं.

"डावीकडे काय असतं?" लोलकबाबांनी पितळी लोलक हलवत विचारलं.

"काळीज!" गर्दी ओरडली. अठरा दिवसांत गर्दीचा अभ्यास पक्का झाला होता.

"आणि नवऱ्याच्या काळजात कोण असतं?"

लोलक सुनेकडे झुकला. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

मागे, दाराजवळ सायकल मिस्त्री उभा होता. एरवी बुवाबाबांवर तोंडसुख घेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण या प्रकरणात त्याने तोंडाला कुलूप लावलं होतं. मुलाने सायकलचं शेवटचं काम त्याच्याच दुकानात करून घेतलं होतं, आणि मिस्त्रीला गेले अठरा दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

बाबांनी चाकावर काळं कापड टाकलं. दोन्ही हात कापडाखाली गेले. "ओढतोस? सोड! सोडतोस? जा!" असा बराच वेळ दम देऊन झाल्यावर कापड निघालं. चाक मधोमध! बायका हुंदके द्यायला लागल्या. एक पोस्टमन तर सायकलच्याच पाया पडला.

"दोनदा याचा आत्मा घालवला, दोनदा परत आला," बाबा म्हणाले. "कारण घरात ही आहे. आज निकाल लावू. हिने याच सायकलवरून तोच उतार उतरायचा. चाक मधोमध राहिलं तर ही निर्दोष. डावीकडे ओढलं, तर नवऱ्याला हिनेच खाल्लं!"

"जा," सासू म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "खरी असशील तर घाबरतेस कशाला?"

"घाबरत नाही, आई," सून म्हणाली. "रोज तुमची ती नजर झेलण्यापेक्षा उतार बरा." तिने हँडल धरलं.

सायकल वळली तेव्हा मिस्त्रीला चाकाचा खटका दिसला. चाक फ्रेमच्या खाचांत आवळून धरणारी ती छोटी मूठ. मिस्त्रीच्या दुकानातून निघालेल्या प्रत्येक सायकलचा खटका मागे तोंड करून बंद केलेला असे. वीस वर्षांची सवय. कापड टाकण्याआधी हा खटकाही तसाच दिसला होता; आता त्याचं तोंड पुढे होतं. म्हणजे कापडाखाली तो उघडला गेला होता, आणि एक्सलचं उजवं टोक खाचेत पुरतं न बसवताच पुन्हा आवळला होता. अशाने चाक तिरकं होतं आणि वरून बघणाऱ्याला मधोमध दिसतं. पहिल्या खड्ड्याला टोक जागेवर सरकणार, चाक डावीकडे जाणार, आणि उतारावर ते जाम झालं की दरी काही लांब नव्हती.

 मिस्त्री गप्प राहिला तर ही मेली, आणि बोलला तर पुढचंही सगळं बोलावं लागणार होतं.

"वहिनी, थांबा!"

तो पुढे आला आणि सायकलवर हाताचा भार देऊन त्याने खटका उघडला. टक्क. चाक डावीकडे.

"आला! परत आला!" गर्दी मागे सरली.

"कुणी आला नाही. एक्सल खाचेत बसला," मिस्त्री म्हणाला. "बाबा, हे भूत डावीकडेच ओढतं ना? काळजाकडे?"

"त्रिकाल सत्य!" बाबा गरजले.

मिस्त्रीने ब्रेक मोकळा केला, चेन उतरवली, चाक काढलं आणि उलटं फिरवून त्याच खाचांत बसवलं. आता ते उजव्या दांडीला टेकलं होतं.

"फ्रेम वाकडी असती तर चाक कसंही लावलं तरी डावीकडेच गेलं असतं. चाकाबरोबर बाजू बदलली, म्हणजे दोष चाकात आहे. की भुताचं काळीज आता उजवीकडे गेलं?"

"घाबरलेला आत्मा दिशा चुकतो," बाबा पुटपुटले. गच्चीवरून कुणीतरी फिस्सकन हसलं.

सासू हसली नाही. "मग चाकात दोष घातला कुणी?"

मिस्त्रीने खिशातले दोन पाने लावून एक्सलचे नट सोडवले. एक्सलच्या चेनकडच्या, मूळच्या उजव्या बाजूला वायसरच्या दोन जाड चकत्या निघाल्या, डाव्या बाजूला एकही नाही.

"यातला एक वायसर डावीकडचा. चाकातले छर्रे बदलताना मी तो उजवीकडे घातला, म्हणून चाक तेवढंच डावीकडे सरकलं. मी घातला, काकू."

"माझ्या पोराला कळलं नाही?"

"कळलं. दुसऱ्याच दिवशी आला होता. म्हणाला, मिस्त्री, मागे घासतंय. माझ्यासमोर गिऱ्हाइकांची रांग होती. मी म्हटलं, जाड टायर आहे, चालवशील तसं बसेल."

अपघातानंतर बाबांच्या एका चेल्याने बदलून भिंतीच्या खिळ्यावर टांगलेला जुना टायर त्याने उतरवला. उजवी कड नवीकोरी. डाव्या कडेचं रबर घासून आतले दोरे बाहेर आले होते, आणि तिथेच तो उतारावर फाटला होता.

"ऐकलंत?" बाबांनी पवित्रा बदलला. "माझ्या लोलकाने गुन्हेगार दाखवला!"

"लोलक तर माझ्याकडे वळत होता," सून म्हणाली.

 बाबांनी लोलक खिशात घातला आणि गर्दीने त्यांना वाट दिली.

"अठरा दिवस गप्प का होतात?" सुनेने मिस्त्रीला विचारलं.

"भूत होतं ना, वहिनी. भूत असलं की मिस्त्रीला कुणी जाब विचारत नाही. बाबाला त्याच्यापासून मान मिळाला, मला आडोसा. तुमचा जीव जाईल हे आज दिसलं, नाहीतर मी अजूनही गप्प बसलो असतो. आता चौकीत जातो."

तो गेला. त्याला कुणी थांबवलं नाही, आणि माफही केलं नाही.

सासूने वायसर तळहातावर घेतला. नाण्याएवढा जाड. "एवढ्याशा तुकड्यासाठी मी तुला उतारावर धाडत होते," ती म्हणाली. सून तिच्याजवळ बसली, पण तिने सासूचा हात धरला नाही.

लोक अजून रेंगाळत होते. चमत्कार संपला होता, तरी त्यांचे पाय निघत नव्हते. सून त्यांच्याकडे वळली.

"घासतंय, असं तो स्वतः सांगून आला होता," ती म्हणाली. "मिस्त्रीने बघितलं नाही. नंतर तुम्ही सगळे रोज येऊन हात जोडत होतात, तुम्हीही बघितलं नाही. पुढच्या वेळी कुणी घासतंय म्हणालं, तर आधी खाली वाकून बघा."