सासूबाईंच्या खाटेचं माप

या, जरा जवळ सरका. खाटेएवढ्या एका दोरीची गोष्ट आहे, ऐकून ठेवावी अशी.

दोरीचं एक टोक धाकट्या दिराच्या हाती देऊन शिंपीणबाई दुसरं टोक घेत समोरच्या भिंतीपर्यंत गेल्या. दोरी मावली. वर चार बोटं जागा उरली.

“बघा वहिनी,” दीर म्हणाला. “उगाच नन्नाचा पाढा लावला होतात.”

मोठ्या शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात त्यानेच त्यांना काम बघितलं होतं. पगार गावच्या दुकानापेक्षा दुप्पट. पण त्या दुपटीत इथे हीच एक चिंचोळी खोली येत होती, आणि उरलेलं बसभाडं गिळणार होतं. गावी निम्म्या पगारात दोन खोल्या होत्या, सकाळचं ऊन थेट आत येई. नवरा गेल्यापासून तिथे दोघीच, त्या आणि सासूबाई. सासूबाई ताडासारख्या उंच, त्यात कंबर धरलेली. पाय पुरते लांब केल्याशिवाय डोळा लागत नसे. म्हणून बाईंनी बजावलं होतं, सासूबाईंची खाट मावली तरच येईन, नाहीतर तो पगार ज्याचा त्याला लखलाभ. आदल्या रात्रीच खाटेएवढी दोरी कापून, दोन्ही टोकांना गाठी मारून त्यांनी पिशवीत टाकली होती. पिशवी सासूबाईंच्या उशाशी राहिली.

दोरी गुंडाळता गुंडाळता बाईंचा अंगठा गाठीवर अडला. त्या नेहमी एकेरी गाठ मारत. एका टोकाला तीच होती. दुसऱ्या टोकाला मात्र दुहेरी, आत वळवून ओढलेली. तशी गाठ घरात एकच हात मारी. त्यांना सुई धरायला शिकवणारा.

त्यांनी दोरी डोळ्यांना लावली आणि पिशवीत ठेवली.

“खाट मावत नाही, भाऊजी.”

“आत्ता तर मावली.”

“नाही मावत.”

दीर वैतागला. एवढ्या पगारापुढे आईने पाय जरा दुमडले तर काय बिघडतं, म्हणाला.

“तुमचं शिक्षण होईपर्यंत दुमडूनच झोपल्या त्या. आता नाही. कारखान्याच्या साहेबांना सांगा, शिंपीण येत नाही. कारण विचारलं तर तेही सांगा.”

संध्याकाळी बाई घरी पोचल्या. त्यांनी दोरी खाटेला लावली. वीतभर कमी भरली.

“माझं माप कधी चुकत नाही,” सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

“माप नाही चुकलं. लबाडी केलीत.”

“तुझं भलं होत होतं गं.”

“ते मी बघते. तुम्ही पाय लांब करा.”

म्हातारीने थोडा वेळ ऐकू न आल्याचं सोंग केलं. मग हळूहळू पाय लांब केले, पार खाटेच्या टोकापर्यंत. बाईंनी त्यांवर पांघरूण घातलं आणि मशीनकडे वळल्या.

तर मंडळी, कुणी तुमच्यापुढे दुप्पट पगाराची गोष्ट काढली, तर स्वतःच्या खाटेतली वीत गुपचूप कापून देणाऱ्या त्या म्हातारीची तेवढी आठवण ठेवा.