दोन जावांमधले कुलूप

त्या सकाळी विमलाने फाटकावर हात आपटले, मला हलवून पाहिले आणि मग रस्त्याने वळसा घालून धावली. थोड्या वेळाने पलीकडून तिचे रडणे ऐकू आले. रुक्मिणी गेल्याचे मला तसे कळले.

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. दत्तारामने मला डिचोलीच्या बाजारातून आपल्या गावी, चोपड्याला आणले. आधी मी भाताच्या कोठीला होते. त्याची बायको रुक्मिणी मला खोबरेल लावायची. मग दत्ताराम आणि धाकटा भाऊ सगुण दोन घरांमधल्या वाटेवरून भांडले आणि दत्तारामने मला वाटेच्या फाटकाला लावले. विमला ही सगुणची बायको. दोघी जावांचे येणेजाणे थांबले.

कोर्टात अकरा वर्षे गेली. शेवटी दोघांनी एका निवृत्त न्यायाधीशांना लवाद नेमले. तिसऱ्या बैठकीला साहेब स्वतः जागेवर आले आणि वाटेतच खुर्ची टाकून बसले.

सगुण म्हणाला, "सायबानू, दादान ह्या कुलपान माझ्या बायलेचा तोंड बंद केला."

"ता जमला असता तर माझ्या बायलेक आणखी एक कुलूप हाडला असता," दत्ताराम म्हणाला. साहेबही हसले.

निकाल झाला. वाट दोघांची, कुलूप काढायचे. दोघांनी सह्या केल्या. पण दत्ताराम म्हणाला, "देवीचो कौल घेतल्याबिगर मी उघडूचंय नाय." कौल म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावतात, उजवी पडली की होकार. पुजाऱ्याला सुतक आले. कौल लांबला.

रुक्मिणी अंथरुणाला खिळलेली. खिडकीतून मला ऐकू यायचे, "कौल मिळासर मी रवतलंय काय? विमलाक हाडा." कौल मिळेपर्यंत मी उरेन का, विमलाला आणा, एवढेच ती म्हणायची. रस्त्याने यायला सगुणने विमलाला मनाई केली होती. वाट उघडेल तेव्हाच जायचे, म्हणे.

लोक म्हणतील, कुलपाचा काय दोष? पण विमलाने इतके हलवले, आणि कडी एवढी गंजलेली असूनही मी जरासुद्धा सैल झाले नाही.

मित्रांनो, मला तेल घातले नाहीत तरी चालेल. चावी हातात असताना थांबू नका.

बाराव्यानंतर दत्तारामने कौल घेतला. उजवी पाकळी पडली. तो रोज संध्याकाळी चावी घेऊन माझ्यापाशी येतो. पलीकडे विमला उभी असते. "आता कोणाक उघडू?" असे म्हणून तो परत जातो.

निकालाचा कागद कपाटात आहे. मला अजून कोणी उघडलेले नाही.