दुधातला श्वास

साळूबाईच्या गोठ्याला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती, आणि ठेवायची कुणाची छातीही नव्हती. कृष्णाकाठच्या त्या गावात ऊस काय, सगळ्यांचाच उभा होता. पण दूध म्हणावं तर साळूबाईच्या घरचं. तापवून ठेवलं की सायीवर भाकरी ठेवावी आणि ती बुडू नये, असं दूध. त्याच दुधानं आपली नात वाळत चाललीय, असं ऐकायची पाळी आली तेव्हा साळूबाई पिसाळली नसती तरच नवल.

नात मनू. सून हरणाबाई साताऱ्याची, म्हणून पोर जन्मली ती साताऱ्याला आजोळी. बाळंतपणातच हरणाला विषमज्वर झाला आणि तिचं अंगावरचं दूध आटलं. मग मनू वाढली ती पेठेतल्या गवळ्याच्या दुधावर, आणि चांगली गुटगुटीत झाली. चौथा महिना लागल्यावर साळूबाईच्या लेकानं, लालासाहेबानं, बायकोला नि लेकीला घरी आणलं. पंधरवडा गेला आणि पोरीला जुलाब सुरू झाले. डॉक्टरचं औषध दिलं की थांबायचे, औषध संपलं की पुन्हा तेच. मांडीची कातडी सैल पडली, टाळू आत गेली. रडायचं बळसुद्धा तिच्यात राहिलं नाही.

बातमी साताऱ्याला गेली आणि हरणाचे वडील केरबा हवालदार येऊन हजर झाले. फौजेतून पेन्शनीत आलेला माणूस, सोप्यात बसला तोही ताठ.

"विहीणबाई, येत्या ऐतवारी मी पोरीला अन् तिच्या आईला साताऱ्याला न्हेणार. तितं पोर बरी हुती, हितं बिघडली. आमच्या फौजेत ह्याला पुरावा म्हणत्यात."

"आवं हवालदार," साळूबाई म्हणाली, "तुमच्या गवळ्याचं दूध म्हंजे निम्मी नदी. त्यावर पोर वाढती, अन् माझ्या म्हशीच्या दुधावर मरती व्हय? नजर लागली हाय तिला. रस्त्यावरच्या कुत्र्यानंबी थांबून बघावं अशी पोर हाय माझी."

तोंडानं ती असं बोलली खरी, पण मनात वेगळंच चाललं होतं. पोर साताऱ्याला गेली आणि तिथं बरी झाली, तर गावाला काय तोंड दाखवायचं? आणि इथंच राहिली नि गेली, तर? त्या दुसऱ्या विचाराला ती मनात उभंच राहू देत नव्हती.

गावच्या डेअरीत दर गुरुवारी सांगलीच्या कॉलेजातून एक पोरगी यायची. नाव सुला. दुधाचे नमुने नेऊन कसल्याशा यंत्रावर तपासायची. लालासाहेब डेअरीचा सेक्रेटरी. त्यानं त्या गुरुवारी तिला घरी आणलं आणि सगळं सांगितलं. साळूबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुणाची गं तू?"

"वडूजकडची, आजी. वडील मेंढरं राखायचे."

"म्हंजे मेंढरामागची पोर माझ्या म्हशीला नावं ठेवणार?"

"मी न्हाई ठेवत. यंत्राच्या काट्याला इचारते. काटा कुणाचा पावना न्हाई." सुलानं चहाची बशी खाली ठेवली आणि पिशवीतून उकळून घेतलेल्या तीन बाटल्या काढल्या. "एकीत धारेचं दूध, एकीत तापवल्यालं, अन् तिसरीत पोरीच्या तोंडात जातं ते, बोंडल्यातलं. उद्या सकाळी भरा अन् घेऊन या."

साळूबाई लगेच तयार झाली. मनात तिनं आरोपी केव्हाच ठरवला होता. बोंडलं घासायची ती हरणा. शहरातली पोर, चार बोटं राखेत घालायची म्हटली तर नाक मुरडणारी. काटा बोलू दे एकदा, हवालदाराच्या मिशा आपोआप खाली येतील.

सकाळी सगळी वरात एसटीनं सांगलीला निघाली. आधी मनूला दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरनं औषध दिलं, साखरमिठाचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजायला सांगितलं, आणि म्हणाला, "कारण सापडलं नाही तर पुन्हा इथंच याल." मग माणसं कॉलेजात गेली.

यंत्र बघून साळूबाईची निराशाच झाली. गुऱ्हाळाच्या चरकाएवढं काही तरी असेल, असं तिला वाटलं होतं. इथं कोमट पाण्यात ठेवलेली एक काचेची कुपी, तिच्यात सोडलेली बोटाएवढी नळी आणि बाजूला काट्याचा डबा.

"ह्याच्यात काय हाय?"

"नळीत मिठाचं पाणी अन् दोन तारा. एक प्लॅटिनमची, एक चांदीची."

"चांदी हाय तर मग." साळूबाई जरा निवली.

"टोकाला हा कांद्याच्या पापुद्र्यागत पडदा. दुधातला प्राणवायू त्यातनं आत येतो, तितकी वीज वाहती, तितका काटा वर. आता जंतू म्हंजे जित्ता जीव. जित्ता हाय म्हंजे श्वास घेणार. दुधात ते वाढलं असलं तर प्राणवायू खाऊन टाकत्यात अन् काटा पडतो."

"म्हंजे दूध धापा टाकतंय का, ते बघतीस."

सुला हसली. "सरांनी आठवडाभर शिकवलं ते तुमी एका वाक्यात सांगितलं."

साळूबाईनं पदर सावरला. असं कुणी म्हटलेलं तिला चालत असे.

सुलानं धारेचं दूध बाटलीत खळखळ हलवून हवा मिसळली आणि कुपीत ओतलं. काटा वर चढला, थांबला, मग मुंगीच्या पावलानं खाली सरकायला लागला. "धारेच्या दुधात एवढं असायचंच," ती म्हणाली. तापवलेलं घातलं. काटा वर चढला तो हलेचना, जणू खिळा मारलाय. साळूबाईनं हवालदाराकडं असं बघितलं की त्यानं खिडकीबाहेर मान वळवली.

मग बोंडल्यातलं. काटा वर गेला न गेला तोच विहिरीत पोहरा सुटावा तसा खाली आला.

सुलानं कुपी धुतली, त्याच बाटलीतलं दूध पुन्हा घातलं. पुन्हा तसंच. "दूध चांगलं हाय," ती सावकाश म्हणाली. "पातेल्यातनं बोंडल्यात जाताना कायतरी मिसळतंय. कुठले जंतू हायेत ते बशीत वाढवून उद्या कळंल, पर लय हायेत."

लालासाहेब बायकोकडं वळला. "बोंडलं कशानं धुतलंस?"

"उकळत्या पाण्यानं. ह्या ताईंनी सांगितलं तसं."

"मग हे कुठनं आलं? आभाळातनं? पोरीचा जीव चाललाय अन् तुला एक भांडं धड..."

"जावईबापू, तोंड सांभाळा!" हवालदार उठला.

हरणा काही बोलली नाही. मनूला छातीशी धरून ती जमिनीकडं बघत राहिली. आणि साळूबाईच्या ध्यानात आलं, ही बोलत नाही ती तिला ठाऊक नाही म्हणून नव्हे. ठाऊक आहे म्हणून.

पातेलं आणि बोंडलं यांच्यामध्ये एकच हात होता, आणि तो हरणाचा नव्हता.

आता गप्प बसलं तर संपलं. सुनेच्या माथी बसेल, हवालदार पोरीला घेऊन जाईल, साळूबाईचं नाव जिथल्या तिथं राहील. तिनं एकवार मनूकडं बघितलं. पोर डोळे अर्धे मिटून पडली होती.

"गप रं लाल्या," ती म्हणाली. "बायकोवर वरडून शाणपण येत न्हाई. बोंडलं मी भरते. अन् त्यात पाणी मी घालते."

"पाणी?" सुलानं विचारलं.

"दूध उघडं, नुसतं धाडू नये, नजर लागती. आमच्यात कुणाबी घरचं दूध उंबऱ्याबाहेर निघालं की पाण्याचा थेंब पडतो त्यात. पोर घरी आली त्या दिसापासनं, तिला नजर लागू नये म्हणून, मी साधं पाणी न्हाई, म्हसोबाचं घालते. गोठ्याच्या दाराशी देव हाय, त्याच्या म्होरं दगडात खळगी हाय. त्यातलं." तिचा आवाज जरा खाली आला. "आधी दोन थेंब घालत हुते. पोर उतरायला लागली तशी जास्ती घालाय लागले."

हवालदाराच्या ओठाशी काही तरी आलं होतं, पण साळूबाईचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

"त्या खळगीत आणिक कोण पाणी पितं, आजी?"

"कोंबड्या. चिमण्या. म्हशी येता-जाता जीभ लावत्यात." सांगता सांगता साळूबाई थांबली. "म्हंजे देवाचं पाणी पोरीला बाधलं, असं म्हणू मी?"

"देवाचं न्हवं, आजी. कोंबडीचं."

एरवी असं कुणी बोललं असतं तर साळूबाईनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण सुला टिंगल करत नव्हती. तिनं पुसून कोरडी केलेली कुपी हातात धरली होती आणि ती उत्तराची वाट बघत होती.

"उकळलं तर मरत्यात म्हणतीस ना ह्ये?"

"चांगली उकळी आली तर मरत्यात."

"मग थेंब आधी टाकते. दुधात पडू दे, अन् मग दूध तापू दे. म्हसोबाला इस्तवाचं भ्या न्हाई."

"पाणी घातलंच न्हाई तर आणिक बरं, आजी."

"ते तुझ्या काट्याचं मत. माझं मी सांगितलं. पर घातलं तर घरच्या आडातलं घालीन, खळगीतलं न्हाई. एवढं ऐकते तुझं." मग हवालदाराकडं वळून म्हणाली, "एक आठवडा द्या. पोर न्हाई सुधारली तर मीच तिला साताऱ्याला आणून सोडते, अन् तुमच्या गवळ्याच्या पायाबी पडते."

"आठवडा दिला," हवालदार म्हणाला. "पर पाया पडताना बघायला मी येणार."

बशीत काय वाढलं ते लालासाहेबानं पुढं जाऊन ऐकून आणलं. जुलाबाचेच जंतू, पोरीच्या पोटाला पुरून उरतील इतके. साळूबाईनं ऐकलं आणि पुन्हा तो विषय काढू दिला नाही. औषध चालू होतं, साखरमिठाचं पाणी चालू होतं, आणि दूध आता थेंबासकट उकळून बोंडल्यात जात होतं. गुरुवारी सुला आली ती नमुना घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी डेअरीच्या गाडीवाल्याकडं निरोप धाडला: काटा हलला नाही.

पण साळूबाईला त्या निरोपाची गरजच पडली नाही. आदल्या संध्याकाळी मनूनं अख्खं बोंडलं रितं केलं होतं आणि आणखी पाहिजे म्हणून असा गळा काढला होता की शेजारीण काय झालं म्हणून धावत आली होती.

ऐतवारी हवालदार आला. मनूनं त्याची मिशी धरली ती सोडेना. साताऱ्याचं नाव त्यानं काढलं नाही, साळूबाईनंही आठवण करून दिली नाही. चहा झाला. पोरीची वेळ झाली तशी साळूबाई उठली, पातेल्याकडं गेली आणि बोंडल्याला हात घालणार तोच मागून आवाज आला.

"आत्याबाई, हात धुतलं का?"

हरणा दारात उभी होती. असं काही या घरात आजवर कुणी साळूबाईला विचारलं नव्हतं, तिच्या सासूनंसुद्धा. सोप्यात हवालदाराचा कप वाजायचा थांबला. लालासाहेबानं मान खाली घातली.

"बघा," साळूबाई सोप्याकडं तोंड करून म्हणाली, "बघा हवालदार, कसली पलटन धाडलीया माझ्या घरात." आणि मोरीत जाऊन तिनं दोन्ही हात पुढं केले. "उभी काय राहिलीस? वत पाणी. साबण दे. पोर भुकेजलीया."